भरतीच्या घड्याळाने चालायचं: विदर्भातून लिटल अंदमान आणि दिगलीपूरच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी

विदर्भात पाणी महिन्यांच्या हिशोबाने बदलतं. आषाढ-श्रावणात वैनगंगा काठ सोडते आणि उन्हाळ्यात त्याच पात्रात डांगरवाड्या लागतात. समुद्रकिनाऱ्यावर एवढा बदल सहा तासांत होतो. सकाळी सात वाजता ज्या ओल्या वाळूवरून मजेत गेलात, ती दुपारी छातीभर पाण्याखाली असू शकते. एका बाजूला दाट जंगल आणि दुसऱ्या बाजूला चढतं पाणी, अशा जागी गटच्या गट अडकून बसतो. आपल्याकडून अंदमानात जाणारी बहुतेक मंडळी राधानगर किनारा आणि सेल्युलर जेल बघून परततात. तिथे ही अडचण येत नाही. पण लिटल अंदमान बेटावरचं हट बे, दिगलीपूरजवळचं कालीपूर, लाँग आयलंड अशा आडबाजूच्या किनाऱ्यांवर पायी फिरायचं असेल, तर तिकिटाच्या आधी भरती-ओहोटी समजून घ्यावी लागते. गाव सोडण्यापूर्वी घरी बसून करता येण्यासारखी ही तयारी आहे.

कधी जायचं

अंदमानात नैऋत्य मोसमी पाऊस मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातच पोहोचतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा हंगाम असतो. समुद्र सगळ्यात शांत असतो तो फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. शेतकरी घरांसाठी जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. तूर निघालेली असते, कापसाच्या शेवटच्या वेचण्या उरतात, हरभरा-गहू कापणीला अवकाश असतो. कमीत कमी दहा दिवस हाताशी ठेवा. त्यातले दोन दिवस कुठल्याच कार्यक्रमात धरू नका. वारा सुटला की बोटी रद्द होतात, आणि रद्द झालेल्या बोटीचे प्रवासी दुसऱ्या दिवशीच्या बोटीवर गर्दी करतात.

तारीख ठरवताना भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि तिथी बघा. अमावस्या आणि पौर्णिमेला, तसंच त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. दोन्ही पक्षांतल्या अष्टमीच्या सुमारास भांग असते, चढ-उतार कमी होतो. पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने पायी चालण्याचे दिवस अष्टमीच्या आसपास येतील असं बघावं. उधाणाला ओहोटीच्या वेळी वाळू रुंद आणि घट्ट मिळते हे खरं, पण भरतीला तीच वाळू झाडांच्या मुळांपर्यंत जाते आणि वाट उरत नाही.

पोहोचायचं कसं

चंद्रपूर, बल्लारशा, वर्धा भागातल्यांना चेन्नई सोपं, कारण रेल्वेचा ग्रँड ट्रंक मार्ग दारातून जातो. अकोला, बडनेरा, गोंदियाकडच्यांना हावडा लाइनने कोलकाता. दोन्ही शहरांतून पोर्ट ब्लेअरला विमानाने दोन ते अडीच तास लागतात. (२०२४ च्या सप्टेंबरपासून शहराचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, तिकिटांवर आणि पाट्यांवर दोन्ही नावं दिसतील.) रेल्वेची गाडी चार-सहा तास उशिरा आली तरी विमान चुकू नये म्हणून आदल्या दिवशीच महानगरात पोहोचा. चेन्नई सेंट्रलपासून विमानतळापर्यंत मेट्रो जाते, टॅक्सीची गरज नाही.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही सुटतात. साधारण तीन दिवसांचा प्रवास, आणि बंक क्लास (सामाईक दालनातली झोपायची जागा) स्वस्त पडतो. पण जहाजाच्या तारखा महिन्यागणिक बदलतात, पुढे-मागे होतात, आणि रेल्वेचं परतीचं आरक्षण त्यात सापडतं. पंधरा-वीस दिवस मोकळे असतील तरच जहाजाचा विचार करा.

मोठ्या बोटीत मळमळ होणार असं धरूनच चला. तलाव-नदीतल्या डोंग्यात बसायची सवय इथे कामाला येत नाही, कारण बोट पुढे-मागे आणि आडवी अशी एकाच वेळी हलते. मळमळीची गोळी उलटी सुरू झाल्यावर पोटात टिकत नाही. निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. ती गुंगी आणते. मधुमेह, दमा, काचबिंदू असेल किंवा गरोदरपण असेल तर गावातच डॉक्टरांना विचारून घ्या. बसायला बोटीचा मध्यभाग आणि खालचा मजला निवडा आणि नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलवर नको. रिकाम्या पोटी चढू नका, तेलकट खाऊनही नका. कोरडी भाकरी किंवा बिस्किटं आणि आलं एवढं बरं.

हट बे हे लिटल अंदमानचं बंदर. पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेट्टीवरून सरकारी बोट जाते आणि बोटीप्रमाणे सहा ते आठ तास लागतात. स्थानिकांना तिकिटात प्राधान्य असतं आणि ते योग्यच आहे. त्यांचा दवाखाना, शाळा, बाजार त्याच बोटीवर चालतो. तिकीट मिळेल त्या तारखेला जायची तयारी ठेवा आणि मूळ ओळखपत्रासोबत त्याच्या चार-पाच झेरॉक्स बाळगा.

उत्तरेला दिगलीपूर रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, बसने दहा ते बारा तास. हा रस्ता जारवा या आदिवासी समाजाच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांग नाक्यापासून मिडल स्ट्रेटपर्यंत ठरलेल्या वेळी पोलीस बंदोबस्तात गाड्यांचा ताफा सोडतात आणि पहिला ताफा सकाळी सहाला असतो, म्हणून बस पोर्ट ब्लेअरहून पहाटेच निघते. त्या पट्ट्यात थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खिडकीतून काहीही द्यायचं नाही. एक केळंसुद्धा नाही. बाहेरच्या माणसांचे आजार आणि सवयी त्या समाजाला जिवावर बेतल्या आहेत.

भरती-ओहोटीचा हिशोब

दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास, आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातला कुणी तुम्हाला सांगेल की तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा, भरतीची वेळ मिळते. कोकणात तो हिशोब जमतो. अंदमानात जमणार नाही, कारण प्रत्येक बंदराची मूळ वेळ वेगळी असते. फक्त रोज पुढे सरकण्याचा भाग सगळीकडे सारखा. म्हणून पोर्ट ब्लेअरचं त्या महिन्याचं भरतीचं वेळापत्रक आधीच मिळवा. सर्व्हे ऑफ इंडिया ते दरवर्षी छापतं, मोबाइलवरही मिळतं. फोटो काढून ठेवा आणि शिवाय दहा दिवसांच्या वेळा एका कागदावर पेनाने लिहून घ्या. फोन भिजतो, चार्जिंग संपतं. पोहोचल्यावर जेट्टीवरच्या किंवा मासेमारी करणाऱ्या माणसाला त्या जागेची वेळ विचारून कागदाशी ताडून बघा. बेटाच्या दुसऱ्या बाजूला थोडा फरक पडतो.

आता पाणी चढतं कसं ते बघू. उधाणाला पोर्ट ब्लेअरकडे पाणी साधारण दोन मीटर चढतं. ते सहा तासांत सारखं वाटून चढत नाही. एकूण चढ १२ भागांचा धरला, तर पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १. म्हणजे दोन मीटरपैकी पहिल्या तासात जेमतेम १७ सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी अर्धा मीटर. किनारा उताराने असा असेल की ३० मीटर चालल्यावर एक मीटर चढ लागतो, तर अर्धा मीटर पाणी चढलं म्हणजे एका तासात १५ मीटर रुंद वाळू गेली. माणसं फसतात ती इथेच. ओहोटी संपल्यावर पहिला तासभर पाणी जागचं हलत नाही असं वाटतं, गट निवांत बसून डबे उघडतो, आणि परत निघेपर्यंत तिसरा तास लागलेला असतो.

चालण्याचा नियम सोपा आहे. ओहोटीच्या, म्हणजे पाणी सगळ्यात खाली असतं त्या वेळेच्या, दोन तास आधी निघा आणि ओहोटीनंतर दीड तासाच्या आत रस्त्यावर किंवा गावात परत या. समजा, ओहोटी ९ वाजून १० मिनिटांनी आहे. ७:१० ला निघायचं, १०:४० ला परत. हाताशी साडेतीन तास. ओल्या घट्ट वाळूवर लहान-मोठ्यांच्या गटाचा वेग ताशी अडीच-तीन किलोमीटर, वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत दोनच्या आत, आणि दगड-मेलेल्या पोवळ्यांच्या पट्ट्यात एक. थांबे धरून एका दिशेला तीन ते साडेतीन किलोमीटर पुष्कळ झालं. घड्याळात ८:५० चा गजर लावा. गजर झाला की समोर कितीही सुंदर वळण दिसत असलं तरी मागे फिरायचं. त्या वळणापलीकडे वाट खडकांमधून जात असेल तर परतताना तिथेच पाणी आधी पोहोचलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटी दहाला, तिसऱ्या दिवशी अकराच्या आत. पाच दिवसांत ती दुपारी साडेबारा-एकवर जाते, आणि आठवड्याने तीनच्या सुमारास. इथे दुसरं घड्याळ आडवं येतं. अंदमानात आपलीच वेळ चालते, पण बेटं नागपूरपासून साडेतेरा अंश पूर्वेला आहेत. फेब्रुवारीत पावणेसहाला उजाडतं आणि साडेपाचच्या आत सूर्य बुडतो, नागपूरपेक्षा सुमारे पाऊण तास आधी. जंगलाच्या सावलीत तर पाचलाच अंधारून येतं. दुपारी तीननंतरची ओहोटी चालण्यासाठी वापरू नका, त्या दिवशी गावात राहा.

दिगलीपूरजवळची रॉस आणि स्मिथ ही जोडबेटं म्हणजे भरतीचा जिवंत धडाच. दोन बेटांना जोडणारा पांढऱ्या वाळूचा पट्टा ओहोटीला उघडा पडतो आणि मोठ्या भरतीला बुडतो. एरियल बेच्या जेट्टीवरून बोट जाते, वनखात्याची परवानगी लागते. बोटवाल्याला ‘किती वाजता सुटणार’ हे विचारण्याआधी ‘पट्टा किती वाजता उघडणार’ हे विचारा.

नाल्याचं तोंड आणि मगर

लिटल अंदमानच्या पूर्व किनाऱ्याने हट बेहून उत्तरेला रस्ता जातो. नेताजी नगर आणि पुढे जेट्टीपासून चौदा-एक किलोमीटरवर बटलर बे. बस-ऑटोने पुढे जाऊन थोडा थोडा किनारा पायी करायचा, ही इथली चांगली पद्धत. मध्ये खाड्या आणि नाले समुद्राला मिळतात. नाल्याचं तोंड दिसायला घोट्याएवढं, पण ओहोटीच्या मधल्या दोन तासांत आतलं सगळं पाणी जोरात बाहेर पडत असतं आणि पायाखालची वाळू ओढतं. ओलांडायचंच असेल तर अगदी तळाच्या ओहोटीला, पाणी थांबल्यावर, गुडघ्याच्या खाली असेल तर, आणि स्थानिक माणूस ओलांडतो त्याच जागेवरून. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा. शंका आली तर मागे जाऊन रस्त्यावरच्या पुलावरून या.

शंकेचं कारण मगर. खाऱ्या पाण्यातली मगर आपल्या नदीतल्या मगरीपेक्षा बरीच मोठी होते, खारफुटीच्या नाल्यात राहते आणि खुल्या समुद्रातूनही पोहत जाते. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर भागात पोहणारी एक परदेशी पर्यटक मगरीच्या हल्ल्यात गेली, ते स्वच्छ निळं पाणी होतं. नाल्याच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना निदान काही शे मीटर पाण्यात उतरू नका. तिथे भांडी धुऊ नका, मासे साफ करू नका. एकाच जागी रोज पाणी भरायला जाऊ नका. पहाटे आणि तिन्हीसांजेला काठापासून लांब राहा. इशाऱ्याची पाटी असेल तर वाद नाही, आणि पाटी नसली तरी चहाच्या टपरीवर विचारा. हिंदी सगळीकडे चालते.

विहिरीत आणि मालगुजारी तलावात शिकलेल्यांना आपण पट्टीचे पोहणारे असल्याचा भरवसा असतो. तो भरवसा लाटांमध्ये कामाचा नाही. किनाऱ्यावर आपटलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढतं. लाटा दोन्ही बाजूंना फुटताहेत आणि मध्येच एक गढूळ, सपाट पट्टा शांत दिसतोय, तर तो शांत पट्टाच घातक. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दम संपतो. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या आणि मग लाटांसोबत काठाकडे. कमरेच्या वर पाण्यात एकट्याने जायचंच नाही.

ऊन, पाणी, शिदोरी

पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या माणसाला तिथले तीस-बत्तीस अंश किरकोळ वाटतात आणि म्हणूनच त्रास होतो. आपल्याकडे हवा कोरडी, घाम वाळतो आणि अंग थंड होतं. बेटावर हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही. नुसता निथळतो, अंगातलं मीठ जातं आणि थंडावा मिळत नाही. अर्ध्या दिवसाच्या चालीसाठी माणशी तीन लिटर पाणी सोबत, पूर्ण दिवसाला चार ते पाच. वाटेत गोडं पाणी मिळेल हे गृहीत धरू नका. जीवनरक्षक पेय घरीही होतं: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको. दर वीस मिनिटांनी चार-सहा घोट घ्या. लघवी गडद पिवळी झाली, डोकं दुखायला लागलं, पोटऱ्या आखडल्या तर सावलीत थांबा. पुढे जाणं बंद.

दुपट्टा इथेही न्या. मानेवर ओला करून टाकायचा, आणि गोड्या पाण्यातच ओला करायचा, नाहीतर मिठाने कातडी घासते. पूर्ण बाह्यांचा सुती-मिश्र सदरा हवा. जाड जीन्स नको, ती दोन दिवस वाळत नाही.

शिदोरीत आपल्या दशम्या आणि पोळ्या घरी तीन दिवस टिकतात, तिथे दुसऱ्या दिवशी बुरशी धरतात. चिवडा तासाभरात मऊ पडतो. टिकतात ते फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, सातूचं पीठ, आणि हवाबंद डब्यातली जवसाची किंवा तिळाची कोरडी चटणी. तिखट ठेचा चालताना नको, तहान वाढते. हॉटेलात भात-मासे-डाळ सहज मिळतात. शाकाहारी असाल तर जेवण आधी सांगून ठेवा.

पाय, पिशवी, डंख

चप्पल वाळूत अडकते आणि खडकावर निसटते. मागे पट्टा असलेली, पाणी निथळणारी प्लास्टिक किंवा रबरी सँडल घ्या आणि गावातच पंधरा दिवस वापरून पायात बसवा. मेलेल्या पोवळ्याने कापलेली जखम छोटी दिसते, पण आत कण राहतात आणि दमट हवेत लगेच पू धरतो. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने, साबणाने मऊ ब्रश किंवा कापडाने घासून धुवा, जंतुनाशक लावा, आणि रोज पट्टी बदला. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्यापूर्वी घेऊन ठेवा.

महागडी पाणरोधक पिशवी नसली तरी अडत नाही. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घाला, सामान भरा, हवा थोडी आत ठेवून तोंडाला पीळ द्या, पीळ दुमडून घ्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापलेलं रबर दुहेरी गुंडाळा. साधं रबर मिठाने तुटतं, ट्यूबचं टिकतं. तरीही ही पिशवी शिंतोडे आणि एखाद्या बुडीपुरती. ती पाण्यात तरंगत नेण्याचा बेत करू नका. खताची किंवा फवारणीच्या औषधाची रिकामी पिशवी धुऊनसुद्धा वापरू नका.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत न्या, वाळूत दडलेला पाकट मासा बाजूला होतो. त्याचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी आधी निरोगी माणसाने कोपराने तपासावं, कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचं कळत नाही. मग दवाखाना. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा. गोडं पाणी, वाळूने घासणं, लघवी यांनी विष आणखी पसरतं. श्वास अडकत असेल तर वेळ घालवू नका. किनाऱ्यावरच्या बारीक वाळूमाश्या संध्याकाळी पिंडऱ्या फोडून काढतात. लांब पायजमा आणि उघड्या भागाला खोबरेल तेल. नखं लावू नका. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर रक्त तपासा आणि अंदमानात गेलो होतो हे डॉक्टरांना सांगा, मलेरिया ओळखायचा राहतो तो न सांगितल्यामुळे.

खारफुटीतल्या झाडांच्या फांद्या मोडू नका, काहींचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी तात्पुरती जाते. हिरव्या आंब्यासारखं दिसणारं किनाऱ्यावरचं एक फळ जीवघेणं विषारी आहे. लहान मुलांना हे निघतानाच बजावा. मुक्कामी मच्छरदाणी बांधा.

कुठे जायचं नाही

लिटल अंदमानात वस्तीचा पूर्व किनारा खुला आहे. बाकी बराच भाग ओंगी समाजाचा राखीव आहे. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमानुसार तिथे विनापरवाना जाणं गुन्हा आहे, फोटो काढणंही. गडचिरोलीत माडियांच्या गावात न विचारता घरात शिरणं जसं आपल्याला पटत नाही, तेच इथे धरा. निकोबार गटासाठी भारतीयांनाही वेगळा परवाना लागतो. उत्तर सेंटिनेल बेटाच्या आसपास बोटीनेही जायचं नाही. किनाऱ्यावर तंबू ठोकणं आणि शेकोटी परवानगीशिवाय करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कालीपूरला कासवं अंडी घालायला येतात. रात्री बॅटरी आणि फ्लॅश मारला की मादी परत फिरते. पोवळ्याचा मेलेला तुकडासुद्धा सोबत आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

जमीन हलली तर

२६ डिसेंबर २००४ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास मोठा भूकंप झाला आणि थोड्याच वेळात लाटा बेटांवर आल्या. हट बेचं अतोनात नुकसान झालं. उभं राहता येणार नाही असा किंवा वीस सेकंदांहून लांबलेला धक्का बसला, किंवा समुद्र अचानक नेहमीच्या ओहोटीहून फार मागे गेला, तर भोंग्याची वाट बघू नका. सामान टाका आणि चढावर पळा. ३० मीटर उंची किंवा तीन किलोमीटर आत. एक लाट आली म्हणून संपलं नाही. लाटा कित्येक तास येतात, मधल्या वेळात खाली उतरू नका. प्रत्येक मुक्कामी पोहोचताच चढाची वाट कुठली, हे सगळ्यांनी पायाने एकदा जाऊन बघायचं. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि एरवी ११२ लिहून ठेवा.

बोट पकडण्याआधी

२०२० पासून समुद्राखालची केबल आली, तरी आडगावात नेटवर्क जातं आणि मोबाइलवरचे पैसे चालत नाहीत. दहा दिवसांच्या खर्चाएवढी रोख, त्यातही पन्नास-शंभरच्या नोटा, दोघा-तिघांत वाटून ठेवा. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरायचं नाही, आणि लॉजचं नाव, बोटीची तारीख कागदावर देऊन जा. परतीचं विमान हट बेहून येणाऱ्या बोटीच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. मध्ये पूर्ण दोन दिवस हवेत. परतल्यावर बॅगेच्या चेन, बॅटरीची टोकं आणि सँडलचे पट्टे त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा. सकाळपर्यंत मीठ चेन जाम करून टाकतं.